डोक्यावर बुडबुडा नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हिवरखेडच्या शिवारात अशी जुनी विहीर दाखवा, जिच्या तळाला माझा पाय लागला नाही. मोटारीच्या पाइपाच्या खालच्या तोंडाला झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. तो गाळात रुतला की माणसं मलाच बोलवायची. कमरेला दोर बांधायचा, छातीत दम भरायचा आणि जायचं. काठावरचे लोक आकडे मोजत राहायचे, आणि त्यांचे आकडे संपले तरी मी खालीच असायचो.

बार्शीटाकळीच्या एका विहिरीत डाव्या कानात काहीतरी फाटलं. रक्त आलं, महिनाभर कान वाहत होता. डॉक्टर म्हणाला, पडदा गेला, आता बुडी बंद. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा उतरलो. कानाची गोष्ट घरात कोणालाच सांगितली नाही. ज्याचा दम गाव मोजतं त्याने कान दुखतो म्हणून सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं.

माझी मुलगी अमरावतीला राजापेठेतल्या फोटो स्टुडिओत कामाला होती. तिथून ती अंदमानला गेली. तिकडे समुद्राखाली पर्यटकांचे फोटो काढते, आणि परीक्षा देऊन नवख्या माणसांना खाली न्यायचा परवानाही तिने मिळवला. मी गावात सांगायचो, माझंच पाणी तिच्यात उतरलं. मागच्या हिवाळ्यात तिनं मला बोलावलं. म्हणाली, बाबा, एकदा तुमचा फोटो खाली काढायचा आहे.

साठीच्या पुढच्या माणसाला डॉक्टरचं पत्र लागतं. ते मी अकोल्याहून नेलं. डॉक्टरने छाती तपासली, बीपी पाहिलं. कानाचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अंदमानात ती काम करते त्या बुडी मारायला नेणाऱ्या दुकानात मात्र इंग्रजी फॉर्म होता. मुलगी एकेक ओळ वाचून मला विचारी आणि खूण करी.

"दमा?"

"मले? जाय, विहिरीले विचार."

"बाबा, नीट सांगा. कानाचा पडदा कधी फाटला होता का?"

"नाही."

"पक्कं?"

"बापाची उलटतपासणी करून राहिली का तू?"

ती हसली आणि खूण केली. खाली मी सही केली. सही मला चांगली येते.

बोटीवर मी बोटवाल्याला छाती ठोकून सांगितलं, हम कुएँ का आदमी है. तो म्हणाला, "चाचा, यहाँ नीचे बाल्टी नहीं मिलेगी." सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती माझ्या पाठीवरच्या हवेच्या टाकीचे पट्टे आवळत होती.

"बाबा, एकच गोष्ट. खाली दम धराचा नाही. सारखा श्वास घ्याचा, सारखा सोडाचा. दम धरून वर आलं तं फुप्फुस फाटते."

"दम धरला म्हणून तं आजवर जिता आहो मी."

"ते विहिरीत. तिथं तुमी वरची हवा घेऊन खाली जात होते. इथं खाली टाकीतली हवा घेता, ते वर येताना फुगते. ऐका ना माझं."

ऐकलं मी. मान्यही केलं. पण ऐकलेलं डोक्यात राहतं, आणि छाती आपल्या सवयीने चालते.

खाली गेलो. विहिरीत हाताचा पंजा दिसत नाही, इथं स्वतःच्या पायाची नखं दिसत होती. करडईच्या फुलासारखे पिवळे मासे तोंडापुढून गेले. माझा हात सारखा कमरेवर जाई, दोर शोधायला. दोर नव्हता. आणि डाव्या कानात दाभण घातल्यासारखं दुखत होतं.

तिने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. सगळं ठीक का, असा त्याचा अर्थ. मीही गोल केला. तिने स्वतःच्या कानाला बोट लावून पुन्हा विचारलं. मी पुन्हा गोल केला. मग तिने कॅमेरा वर घेतला.

राजापेठेच्या स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या म्हाताऱ्यांना ती सांगायची, आजोबा, दम धरा, हलू नका. बाकावर बसून मी ते किती वेळा ऐकलं असेल. समोर कॅमेरा आला आणि माझी छाती आपोआप बंद झाली. तेवढ्यात कानात काहीतरी सुटलं, गार पाणी आत शिरलं, आणि सगळा समुद्र गरगर फिरला. मी विहिरीतल्यासारखी लाथ मारून वर निघालो, दम छातीत तसाच. तिने कॅमेरा सोडला, तो दोरीने मनगटाला लटकला. तिने मला कमरेला मिठी मारली आणि पोटावर बुक्क्या मारत राहिली, हवा सुटावी म्हणून. सुटली. दोघंही नको तितक्या वेगाने वर आलो. माझ्या कानातून रक्त, तिच्या नाकातून रक्त.

तिथल्या डॉक्टरने कानात उजेड टाकून पाहिलं. पडदा फाटला आहे, आणि जुना व्रणही आहे म्हणाला.

दुकानात मालक फॉर्म हातात घेऊन उभा होता. बोटवाला होता, बुडीचे रबरी कपडे धुणाऱ्या दोघी होत्या.

"इनसे कान का पूछा था?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या चपलांकडे पाहिलं.

"जल्दी में रह गया, सर. मैंने खुद निशान लगा दिया," ती म्हणाली.

माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. ते निघालं नाही. याच लोकांपुढे सकाळी मी कुएँ का आदमी होतो.

मालक तिला म्हणाला, मी सांगेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. त्याच दिवशी तिला हवेच्या टाक्या भरायच्या कामाला लावलं. संध्याकाळी तिने मला खाली काढलेला तो फोटो दाखवला. मी मधोमध, मागे पिवळे मासे.

"चांगला आला," मी म्हणालो.

"चांगला नाही, बाबा. पाहा. डोक्यावर एक बी बुडबुडा नाही. असा मेलेला माणूस दिसते."

गावी परत आलो. चैत्र गेला, ती टाक्याच भरत होती. शेवटी मी दुकानाच्या पावतीवरचा नंबर पाहून मालकाला मोबाइलवर आवाज भरून पाठवला. लडकी ने पूछा था, मैं झूठ बोला. कोणाला न विचारता पाठवलं. त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काहून पाठवलं? मले विचारलं तरी का?"

"खरं तेच सांगितलं."

"तवा सांगाचं होतं! आता मालक मनते, बाप खोटा बोलला, म्हातारा माणूस, समजू शकतो. पण तू काहून खोटं बोलली? जिच्या हातचा फॉर्म खोटा, तिच्या हाती माणूस कसा द्यायचा?"

"मी येतो. समोर उभा राहून सांगतो त्याले."

"नका येऊ, बाबा. आता तुमी काहीच नका सांगू."

तिचा फोन येतो, पण आईच्या मोबाइलवर. फोन ठेवल्यावर बायको सांगते, पोरगी काय जेवली, तिकडे किती पाऊस आहे. पाण्यात उतरली का, हे बायको विचारत नाही. विचार म्हणून मीही तिला सांगत नाही.