गुणाबाई हॉलंडात शेणाला जातात

बोरगावच्या अर्ध्या गल्लीची बाळंतपणं गुणाबाईंच्या हातची. शेगडी, धुरी, डोकं बांधणं, सगळं त्यांनी फर्मावायचं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं ऐकायचं. त्यामुळं हॉलंडात राहणाऱ्या लेकीचे, नीलमचे, दिवस भरत आले तेव्हा बाईंनी पिशवीभर डिंकाचे लाडू वळले आणि पहिल्यांदाच विमानात बसल्या.

तिथं बाळ झालं आणि बघतात तर तिथल्या रीतीनं आठवडाभर रोज सकाळी एक उंचपुरी नर्स घरी हजर! बाळाला अंघोळ तीच घालणार, नीलमनं काय खायचं तेही तीच सांगणार. जावई सौरव तिच्या हाताखाली पळतोय. "आई, तू नुसती बस. आराम कर," नीलम म्हणाली. कुणी शिवी दिली असती तरी गुणाबाईंना एवढी लागली नसती. लेकीला आपली गरजच उरली नाही म्हणजे!

"शेक तरी घे गं. कंबर धरंल न्हाईतर."

"घरात हीटर आहे की आई."

"हीटरचा कसला शेक! शेणीच्या निखाऱ्याचा शेक तो शेक."

"इथं शेणी-गोवऱ्या कुठनं आणणार तू?"

नको म्हणाली नाही, कुठनं आणणार म्हणाली. गुणाबाईंना तेवढं पुरे झालं.

शेजारी आन्नेके नावाची म्हातारी एकटी राहायची. गुणाबाईंनी तिला आल्या दिवसापासून 'आक्का' करून टाकलं होतं. आक्काच्या दारात सायकल उभी होती, पुढं ऐसपैस टोपली. गुणाबाईंनी सीट थोपटली, स्वतःच्या छातीला बोट लावलं आणि हसल्या. आक्कानं किल्ली काढून दिली.

लग्नाआधी मळ्यात भाकरी पोचवायला गुणाबाई भावाची सायकल दामटत. पदर खोचून त्या निघाल्या आणि कोपऱ्यावर सवयीनं पॅडल उलटं फिरवलं. या सायकलचा ब्रेक पॅडलातच! गाडी जागच्या जागी थांबली आणि बाई हँडलवर आपटता आपटता वाचल्या. "मुडदा बशिवला तुझा," असं सायकलला सुनावून त्या पुन्हा बसल्या.

गाव संपलं आणि दोन्ही अंगाला रान लागलं. गुणाबाई हरखल्या. जमीन सपाट, भाकरी थापल्यासारखी. काळीभोर माती, बटाट्याच्या सरी दोरी लावून ओढलेल्या, आणि कालवे तुडुंब. "येवढं पानी, आनि पाटाच्या पाळीवरनं भांडान न्हाय?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. बांधावर चिटपाखरू नाही. भांडायला माणूसच नसेल तर शेती कसली, असंही त्यांना वाटून गेलं.

मग दिसल्या गाई. दाव्याशिवाय मोकळ्या चरणाऱ्या, कानात पिवळे बिल्ले. गोठ्याशी एक लालबुंद गडी उभा होता.

"अण्णा, शेन पायजे वो."

अण्णा बघतच राहिला. आता आमच्या भागात मराठी कळलं नाही की माणूस कानडी काढतो आणि काम होतं. गुणाबाईंनीही काढलं. "सगणी बेकु, सगणी!" तरी उजेड पडेना. शेवटी त्यांनी गाईच्या मागं बोट दाखवलं आणि हवेत शेणी थापून दाखवल्या. अण्णा एवढा हसला की गाई बिथरल्या. त्याला शेण ठेवायला जागा नव्हती. त्यानं पिशवी गच्च भरून दिली. निव्वळ हिरवं खाल्लेल्या गाईंचं पातळ शेण बघून गुणाबाईंनी नाक मुरडलं आणि त्यात कालवायला वर गव्हाचं काडही मागून घेतलं.

घरी नीलमनं कपाळाला हात लावला. "आई! लोकांच्या सायकलच्या टोपलीत शेण?" टोपली धुऊन सायकल परत गेली. गुणाबाईंनी मागच्या अंगणात गपचूप शेणी थापल्या. उन्हाचा पत्ता नव्हता. वरून भुरभुर सुरू. शेणी वाळेनात आणि नर्सचा आठवडा संपून गेला तरी नीलम शेकाचं नाव काढेना.

"सौरवरावांना सांग, माझं तिकीट बघा म्हनावं," एका सकाळी गुणाबाई म्हणाल्या. "हितं माझं काय काम न्हाय."

नीलम उठून आत गेली. गुणाबाई बॅग भरायला बसल्या. बराच वेळ झाला, न्हाणीघरातून घुर्र घुर्र आवाज येतोय. काय झालं म्हणून त्यांनी दार ढकललं.

नीलम खाली बसली होती, एक हात कमरेवर. समोर वर्तमानपत्रावर शेणी मांडलेल्या, आणि केस वाळवायचं यंत्र ती त्यांच्यावर धरून होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"लई दुखतंय गं आई."

गुणाबाई फतकल मारून शेजारी बसल्या. "आन हिकडं. नुसती एका अंगानं वाळीवतीयास."