चौथ्या धुऱ्यावरची उडी

मी दोन्ही मुलींना शाळेतून काढलं तेव्हा गावात माझ्याविषयी दोन मतं होती. एक, याला वेड लागलं. दुसरं, हा आधीपासूनच तसा होता. दुसऱ्या मताची पुढारी माझी बायको.

दिवाळीनंतर आमच्या सौंदडकडे गावोगाव नाटकं होतात. त्यांत मी राजा झालोय, खलनायक झालोय, आणि एकदा बायकोचीच साडी नेसून तिची सासूही झालोय. अशा माणसाला खडू घेऊन एका जागी कसं उभं राहवेल? आमची शाळा पायांवर चालायची. नवेगाव बांधच्या तळ्यावर जाऊन मासेमारांकडून जाळं विणायला शिकायचं आणि येताना त्याच जाळ्यात चौकोन, त्रिकोण शोधायचे. गोंदियाच्या प्लॅटफॉर्मवर डब्यांवरच्या पाट्या वाचत भूगोल करायचा. आणि संस्कृत आमच्या धानात.

संस्कृतची ही युक्ती म्हणजे माझ्या डोक्यावरचा मुकुट! आमच्या शेतात धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, सात; विभक्त्याही सात. बांधीच्या कडेचा मातीचा बांध म्हणजे धुरा; एका धुऱ्यावर एक विभक्ती. मोहाच्या झाडापासून ‘वनम्, वने, वनानि’ म्हणत निघायचं, वळण आलं की विभक्ती बदलायची. चौथ्या धुऱ्यावर पाणी उतरवायला माती फोडलेली होती. तिथं ‘वनाय’ म्हणत उडी घ्यायची. पुढे मी, मागे बारा वर्षांची थोरली, तिच्यामागे नऊ वर्षांची धाकटी. शेजारच्या शेतातल्या बाया रोवणी सोडून बघत उभ्या राहायच्या.

पण बायकोला घोर लागला होता. फेब्रुवारीत तिनं एके दिवशी भाकरी थापता थापता जाहीर केलं, “रविवारी माहे मामाजी येऊन राहिले. थोरलीची परीक्षा घेतीन. त्यायनं हो म्हनलं तर चालू द्या तुमची शाळा. नाई म्हनलं तर जूनपासून दोघी बी गोंदियाले शाळेत.”

तिचे मामाजी म्हणजे तिच्या आईचे भाऊ, जन्मभर हेडमास्तरकी केलेला माणूस. त्या आठवड्यात माझी झोप गेली. धड जेवताही येईना. घास घ्यायचा, उठायचं, खिडकीतून शेत बघायचं, परत बसायचं. धाकटी म्हणाली, “बाबा, परीक्षा तायडीची हाये ना?”

रविवारी मामाजींनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि थोरलीला समोर खुर्चीवर बसवलं. “वन शब्द चालव, बाई.”

ती सुरू झाली. प्रथमा, द्वितीया झकास. तृतीयेला आवाज जरा खाली गेला. “वनेन, वनाभ्याम्, वनैः…” आणि थांबली.

माझ्या नजरेसमोर गोंदियाची स्कूलबस येऊन हॉर्न वाजवायला लागली. पोरीचे ओठ हलत होते, पण शब्द निघत नव्हता. तेवढ्यात मला खुर्चीखाली तिचे पाय दिसले. दोन्ही टाचा वर उचललेल्या, बोटं जमिनीत रुतवलेली. ती उडीच्या जागी येऊन उभी होती, आणि समोर खड्डाच नव्हता!

“काऊन थांबली वो?” मामाजींनी विचारलं.

“आबा, चालून सांगू का?”

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नाटकात केलेले सगळे खलनायक त्यांना एकदम दिसले असावेत.

मग पुढे थोरली, मागे धोतर सावरत मामाजी, त्यांच्यामागे मी, अशी वरात उन्हाळी धानाच्या धुऱ्यांवरून निघाली. चौथ्यावर पोरीनं ‘वनाय’ म्हणत झोकात उडी घेतली. मामाजी अलीकडेच थांबले. सातव्या धुऱ्यापर्यंत तिचा आवाज खणखणीत येत राहिला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

मामाजी वळले. “पाठ चोख हाये, जवाईबापू. पन उद्या पेपराले बसन तवा वर्गात हे धुरे कोन आनून देईल? तुमी?”

मी टाळ्या वाजवणारे हात खिशात घातले.

घरी येऊन त्यांनी निकाल दिला. जूनपर्यंत मुदत. पोरीला बसून म्हणता आलं पाहिजे, तर घरची शाळा राहील. “आन बसनं शिकवाचं काम तुमचं नाई. ते तिची माय शिकवन.”

बायको शिंदीच्या पानांच्या चटया विणते, दोन-दोन तास मांडी न मोडता. दुसऱ्या दिवसापासून थोरली तिच्याजवळ विणायला बसली. पहिले दिवस पाय वळवळायचे. बायको नुसतं पुढचं पान हातात द्यायची. मी दारातून आत, आतून दारात.

मे महिन्यात मामाजी पुन्हा आले. थोरली स्वतः विणलेल्या चटईवर बसली. तृतीया झाली. “वनाय, वनाभ्याम्, वनेभ्यः,” ती सरळ पुढे निघून गेली. गुडघासुद्धा हलला नाही.

धप्प असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उंबरठ्याच्या अलीकडून पलीकडे आलो होतो.

“मामाजी,” बायको माझ्याकडे हात करत म्हणाली, “पोरी राहू द्या घरी. यायलेच टाका शाळेत.”