वाकणारे गुडघे

"बरं शे, भाऊसाहेब," असे मला म्हणत तो दोन्ही अंगठ्यांनी आपले गुडघे दाबीत राही. ज्या दिवशी मुळीच बरे नसे, त्या दिवशी तर अधिकच ठासून म्हणे.

आमच्या डोकमर्डी वस्तीतील मंडळी आजही सांगतात की तो कामचुकार होता. काहींनी तर त्याला दारुडाही ठरवले आहे. वाचकहो, चाळीत त्याच्या आणि माझ्या खोल्यांच्या मध्ये एकच भिंत होती. तिच्यातून ऐकू येणारे कण्हणे दारूचे नव्हते. त्याला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी नसांत अडकत आणि हाडांत सुरी फिरावी तशी कळ येई. मग तो पाय पोटाशी घेऊन पडून राही. कळ ओसरली की दाढी करून सायली गावच्या सूत कारखान्यात यंत्रापुढे हजर.

"आवो नवाब! छुट्टी पूरी हुई?" सुपरवायझर दारातच टोमणा मारी.

"नवाब तं तुम्ही, साहेब. तुमले बसाले खुर्ची शे," हा हसून म्हणे.

ती खुर्चीच त्याला हवी होती. दिवसभर उभे राहणे आता सोसवेना. मालकाने अखेर बजावले, "अपंगत्वाचा दाखला आण, फाटकावर बसून करायचे काम देतो. नाहीतर घरी बस." अपंगांसाठीचा कायदा तेव्हा नवाच होता.

तपासणी मंडळ रुग्णालयात ठरलेल्या वारीच बसे. त्या दिवशी नेमकी कळ नव्हती. त्याने इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला.

"अरे, आज तरी जरा लंगडत चल," मी म्हणालो.

"साहेबना मोरे रडकं तोंड लिसन जावानं का?" साहेबापुढे रडके तोंड घेऊन जाणे त्याला पटेना.

आत जाताच त्याने रीतीप्रमाणे वाकून डॉक्टरांच्या पायांना हात लावला. गुडघे पूर्ण वाकले, पूर्ण सरळ झाले. डॉक्टरांनी ते पाहिले.

"कसं वाटतंय?"

"बरं शे, साहेब."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हा आजारी असेल, अपंग नाही. कायद्याच्या यादीत हा आजार नाही. हातपाय, डोळे, कान शाबूत आहेत."

"कळ येते तेव्हा पाहा."

"मग तेव्हा घेऊन या."

"तेव्हा तो उठू शकत नाही, डॉक्टर! उठू शकला असता तर दाखला कशाला मागितला असता?"

त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

लोक म्हणतात, पाया पडून त्याने हातचा दाखला घालवला. मला हे मान्य नाही. नमस्कारावरून दुखणे खोटे ठरवते, ती तपासणी कसली?

तो उभ्यानेच काम करीत राहिला. हिवाळ्यात एका दुपारी यंत्रापाशी कोसळला. या वेळी कळ छातीत शिरली होती. त्याला खोलीवर आणून निजवले. दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडे काहीच ऐकू आले नाही.

त्याने पाय पोटाशी घेतले होते. तोच पांढरा सदरा घालण्यासाठी आम्ही त्याला उताणे केले.

"परवा तर चांगला हसत होता," कोणीतरी म्हणाले.

माझे दोन्ही अंगठे त्याच्या गुडघ्यांवर होते आणि ते गुडघे सरळ होत नव्हते.