तारेला टोचलेली पत्रं

पेन्शन सुरू झाली, बायको गेली, मुलगी बंगळुरूला. कारंज्याच्या घरात दिवसभर बोलायला टीव्हीशिवाय कोणी नाही, आणि टीव्ही आपलं काही ऐकून घेत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी जुन्या टपाल तिकिटांचा नाद लावून घेतला. भिंग आणलं. मोबाइलवर बघून बघून तिकिटांच्या कडेचे दात मोजायला शिकलो. या वयात स्वतःचे मोजण्यापेक्षा ते बरं.

धनजला थोरल्या भावाचं घर रंगवायला काढलं तेव्हा वहिनीनं एक गंजकी तार माझ्या हातात दिली. पत्र वाचून झालं की कोनाड्यातल्या वाकवलेल्या तारेला टोचून ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. या तारेवर सगळी माझीच पत्रं होती, गडचिरोलीकडे मास्तरकी करताना आईला लिहिलेली. आईला वाचता येत नव्हतं. पोस्टमन दारात बसून वाचून दाखवी आणि अख्खी गल्ली ऐके.

ती चळत घेऊन मी कारंज्यातल्या धान्यवाल्या शेटजींकडे गेलो. तिकिटांतलं त्यांना कळतं. हातमागाची, कापसाची तिकिटं त्यांनी भराभर बाजूला सारली.

“मास्तर, असे तिकिटं ढिगानं भेटते. वरून घरच्यायनं सगळ्यायच्या पोटातून तार काढली. आता याले कोन विचारते?”

मला रागच आला. तिकिटं त्यांची थोडीच होती. मग त्यांनी एक पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

“हे ठेवा, भोक असलं तरी. समोर तिकडचा शिक्का, मागं धनजचा, दोनी साफ. अन् हे तं फोडलंच नाई. फोडू नका बरं, बंद पाकिटाचे शौकीन असते.”

मी भिंग लावलं. धनजच्या शिक्क्यावरची तारीख दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची होती. ते पत्र मला लगेच ओळखू आलं. नोकरी पक्की झाली, खोली घेतली, आता माझ्याकडे राहायला ये, असं मी त्यात लिहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं. आईला थोरलाच जवळचा, असं धरून मी फुगून बसलो आणि दिवाळीला घरी गेलोच नाही. पौषात ती तापानं गेली. हा राग मी चाळीस वर्षं जपला. बायकोलाही कितीदा ऐकवला.

घरी येऊन वहिनीला फोन लावला. ते पाकीट बंद कसं राहिलं, विचारलं. सासूला, म्हणजे माझ्या आईला, ती आत्याबाई म्हणायची.

“आठोते ना भाऊजी. पोस्टमन वाचाले बसला तं आत्याबाईनं त्याच्या हातातून घेऊन घेतलं. म्हने, सारी गल्ली ऐकते. राहू दे, दिवाईले पोरगं येनारच हाये, त्याच्याच तोंडून ऐकतो. मंग तुमी आलेच नाई. त्या गेल्यावर मीच टोचलं तारेले.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जेवलात का, असंही तिनं विचारलं. मी हो म्हणालो, खोटंच.

पाकीट विकायचं का, असं शेटजी अधूनमधून विचारतात. मी नाही म्हणतो. फोडलंही नाही. आतला शब्दन् शब्द मला पाठ आहे, पण जिला वाचून दाखवायचा होता ती पौषापर्यंत वाट पाहून गेली.