एम.एस्सी. गणित: अपेक्षित पगार किती?

फॉर्ममधला एक रकाना रिकामा होता, म्हणून मॅनेजर साहेब सही करत नव्हते. रकाना होता ‘शिक्षणानंतरचा अपेक्षित मासिक पगार’. अर्जदार सुनंदा परब, बी.एस्सी. फर्स्ट क्लास. तिला दोन वर्षं गणितात एम.एस्सी. करायचं होतं.

मी तेव्हा बँकेच्या घाटकोपर शाखेत कर्ज विभागाचा ऑफिसर होतो. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. शिक्षणासाठी कर्ज देणं आम्हाला नवं होतं. कुठलंही कर्ज देताना आम्ही रिपेमेंट कपॅसिटी बघायचो, म्हणजे माणूस पैसे परत करू शकेल की नाही. लेथ मशीनसाठी कर्ज असेल तर त्यावर महिन्याला किती काम निघेल ते मोजता येतं. इंजिनीअर आणि डॉक्टरांच्या पगाराचे आकडे हेड ऑफिसने सर्क्युलरमध्ये दिले होते. गणिताचा त्यात उल्लेखच नव्हता.

सुनंदाचे वडील कापड गिरणीत कामाला, मूळचे कणकवलीकडचे. तिच्या पाठचे दोन भाऊ शाळेत. फी तशी फार नव्हती. अडचण वेगळीच होती. सुनंदाच्या हातात टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीचं पत्र होतं. ती सोडायची तर दोन वर्षांचा पगार बुडणार आणि वर घरखर्चाला कर्ज काढावं लागणार.

मी चौकशीला लागलो. तिच्या कॉलेजचे प्राध्यापक म्हणाले, लेक्चरर होईल, जागा निघाली तर. जागा कधी निघेल ते त्यांना सांगता येईना. एका हायस्कूलच्या हेडमास्तरांनी सांगितलं, शाळेत बी.एड. लागतं, एम.एस्सी.ने फारसा फरक पडत नाही. विम्यातला माझा एक मित्र म्हणाला, ॲक्चुअरी झाली तर तुझ्या मॅनेजरपेक्षा जास्त कमावेल. ॲक्चुअरी म्हणजे विम्याचा हप्ता किती ठेवायचा याचं गणित मांडणारा माणूस. मित्राने स्वतः ॲक्चुअरीची परीक्षा चारदा दिली होती, अजून पास व्हायचा होता.

तीन माणसं, तीन आकडे. मी पुरता चक्रावलो.

“सरासरी काढा आणि लिहा,” साहेब म्हणाले.

“साहेब, सरासरीइतका पगार तिला कुणीच देणार नाही.”

त्यावर त्यांनी दुसरी शंका काढली. तिचं लग्न झालं तर हप्ते कोण भरणार?

शेवटी मी बापलेकीला बोलावलं. लग्नाचं चाचरतच विचारलं. कर्ज माझ्या नावावर आहे, मीच फेडणार, असं सुनंदाने सांगितलं. मग तिने ते तिन्ही आकडे मागून घेतले, कागदावर हिशेब मांडला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“शाळेत लागले तर हे कर्ज तोट्याचं आहे. त्यापेक्षा ऑपरेटर झालेलं बरं.”

“मग घेतेस कशाला?”

“मला हे येतं, साहेब. आणि आता सोडलं तर परत जमणार नाही.”

मी तिच्या वडिलांकडे बघितलं. ते लेकीकडे बघत म्हणाले, “माका त्या गणितातला काय कळणा नाय. पण माझा चेडू खोटा बोलूचा नाय.”

मी रकान्यात शाळेतल्या शिक्षकाचा, म्हणजे सगळ्यात कमी पगार लिहिला. हप्ते लहान केले, मुदत वाढवली. शिफारशीखाली माझी सही. साहेबांनी बराच वेळ कागद उलटसुलट बघितला आणि सही केली. बुडलं तर तुमच्या नावावर, एवढंच म्हणाले.

ती एम.एस्सी. झाली, तीही फर्स्ट क्लासमध्ये. आणि नोकरी मिळेना. कॉलेजांत जागा नव्हत्या, शाळांना बी.एड. हवं होतं. ती घरोघर शिकवण्या करू लागली. तीन हप्ते थकले. शिफारस माझी होती, नोटीसही मलाच लिहावी लागली. चार दिवसांनी परब आले, एक हप्ता भरला. नोटीस इंग्रजीत होती, ती सुनंदानेच त्यांना वाचून दाखवली होती. पावती खिशात ठेवून ते गेले. मला मात्र वाटलं, आपण या मुलीचं नुकसान केलं. ऑपरेटर असती तर एव्हाना नोकरीत कायम झाली असती.

मग शिक्षणाचा पॅटर्न बदलला. जुनी अकरावी मॅट्रिक गेली, दहावीनंतर अकरावी-बारावीची ज्युनियर कॉलेजं निघाली. त्यांना एम.एस्सी. झालेले शिक्षक हवे होते, तेही ताबडतोब. सुनंदा मुलुंडच्या एका कॉलेजात लागली. पगार शाळेपेक्षा जास्त, लेक्चररपेक्षा कमी. मी गोळा केलेल्या तीन आकड्यांपैकी एकही नाही. फॉर्म भरला तेव्हा ती नोकरीच जन्माला आली नव्हती.

थकबाकी तिने सहा महिन्यांत मिटवली आणि कर्ज मुदतीआधी फेडलं. मधे तिचं लग्नही झालं. लग्नामुळे एकही हप्ता चुकला नाही.

ज्या वर्षी तिचा अर्ज आला, त्याच वर्षी एका इंजिनीअरिंगच्या मुलाचं कर्ज मी सर्क्युलरमधला आकडा टाकून दहा मिनिटांत पुढे पाठवलं होतं. ते वसूल करताना नाकी नऊ आले.

सुनंदाच्या फायलीत माझा अंदाज चुकला आणि पैसे आले. त्या मुलाच्या फायलीत सगळं नियमाप्रमाणे होतं. यातून नेमकं काय शिकायचं, ते मला रिटायर होईपर्यंत कळलं नाही. पुढे एवढंच केलं, की त्या रकान्यातला आकडा आधी पेन्सिलने लिहू लागलो.