जुनी यादी काढून टाकू?

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी पालघरहून बोईसरला जायची, तारापूरच्या वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीत. कंपनीची सहा युनिटं, सहा गेटं आणि प्रत्येक गेटाशी टाइम ऑफिसात हजेरीचा एकेक सर्व्हर. मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे मी आणि जवळच्याच पाम गावचे एक गृहस्थ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो.

हजेरीच्या प्रोग्रामात काही बदल झाला की भाऊ फ्लॉप्या पिशवीत घालून लुनावरून सहाही गेटं फिरायचे. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत. कुठे चहा, कुठे गप्पा, कुणाच्या पोरीच्या लग्नाची चौकशी. मला वाटायचं, काय हा वेळकाढूपणा! शेवटी मी फोनच्या लायनी घेतल्या आणि असा बंदोबस्त केला की माझ्या टेबलावरून एक बटण दाबलं की सहाही सर्व्हरवर नवं व्हर्जन.

"म्हंजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," भाऊ म्हणाले.

"हाकल्या गेल्या म्हणजे झालं," मी ठसक्यात म्हटलं.

जुलैत पहिल्यांदा बटण दाबलं. अर्ध्या तासात काम फत्ते. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, पेढे आणवले. मी दोन खाल्ले.

आठवड्याने मी बेटेगावच्या बाजूच्या युनिटात गेले होते. टाइम ऑफिसच्या खिडकीशी एक बाई उभी. डोंगराकडच्या पाड्यावरची, रंगाची पिंपं धुणारी. आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकून परतली होती, तर कॉम्प्युटरात तिचं नावच नाही. नाव नाही तर पास नाही, पास नाही तर आत पाऊल नाही. कारकुनाने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. पिवळेजर्द, रेषांसकट.

"दा वर्सां हाय मी इथं. ह्यो रंग काय घरी लावला?"

"दहा दिवस खाडा झाला की नाव गळतं. कॉम्प्युटर काय तोंड बघून नाव राखतो?"

असं बोलले मी. आज लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

संध्याकाळी भाऊंना सांगितलं, तेव्हा ते चपापले. त्या कारकुनाने आवणीला जाणाऱ्या बायांची एक वेगळी यादी परस्परच करून ठेवली होती, खाड्याने त्यांची नावं गळू नयेत म्हणून. बाकीच्या एकेक करून काम सोडून गेल्या, यादीत ही एकटी उरली होती. फ्लॉपी चढवताना प्रोग्राम विचारायचा, जुनी यादी काढून टाकू? पाच गेटांवर भाऊ 'हो' दाबायचे, त्या कारकुनाच्या गेटावर मात्र 'नाही'.

"मॅडम, तुमी काय दाबलात?"

"मला विचारलंच नाही."

विचारणार कसं? मध्येच प्रश्न आला की काम अडतं, म्हणून तो प्रश्न मीच काढून टाकला होता आणि सहाही गेटांसाठी उत्तर 'हो' धरलं होतं.

जुनी यादी भाऊंच्या फ्लॉपीवर होती. पाच मिनिटांचं काम. पण बंद झालेला पास उघडायला साहेबांची सही लागायची, आणि सही मागायची तर चूक कबूल करायची. पेढ्याची चव अजून जिभेवर होती माझ्या! आज सांगते, सोमवारी सांगते, असं करत दिवाळी गेली. भाऊ आधी रोज विचारायचे. पुढे तेही विचारेनासे झाले.

शेवटी सांगितलं. साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "एवढंच ना? घ्या तिला परत," म्हणाले आणि सही केली. एवढंच! चार महिने मी ह्यालाच भ्यायले होते.

भाऊ तडक लुना काढून पाड्यावर गेले. दार दोरीने बांधलेलं. अख्खं घर वीटभट्टीवर गेलं होतं, कुठल्या ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

"बैल गेला नि झोपा केला," माझ्याकडे न बघता भाऊ एवढंच म्हणाले.

ती परत आलीच नाही. यादी मात्र परत चढली होती, आणि त्या यादीतलं नाव खाड्याने गळत नाही. मी नोकरी सोडेपर्यंत रोज सकाळी हजेरीच्या कागदावर तिचं नाव छापून यायचं, पुढे 'गैरहजर'. त्या एका गेटापुरता तो प्रश्न मी प्रोग्रामात परत घातला होता. नवं व्हर्जन पाठवताना पडद्यावर यायचं, जुनी यादी काढून टाकू? आणि मी दर वेळी 'नाही' दाबायची.