सोम्याचं लॅटिन

निखिलचा फोन आला तेव्हा मी गावी, पोशेऱ्याच्या घरात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळत होते. "आत्या, पप्पा गेले," तो म्हणाला. "अंत्यविधी दवाखान्यातून थेट, इथे ठाण्यालाच करतोय. पण दिवस पोशेऱ्याला करायचेत, आणि रावजी भगत म्हणतात की हाक तुम्हीच मारायची. आम्हा दोघा भावांना आपली भाषा येत नाही ना..." मी म्हटलं, मी मारणार नाही, आणि पिठाच्या हातानेच फोन ठेवला. भाऊ गेल्याचं रडू यायला हवं होतं. आला तो जुना तिटकारा, शिळ्या ताकासारखा आंबट.

हाक म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात माणूस गेला की त्याच्या दिवसाला घरचं कोणीतरी गावाच्या शिवेवर उभं राहतं आणि मेलेल्याला घरच्या नावाने, घरच्या बोलीत हाक मारतं. भगत, म्हणजे आमच्याकडचं देवाचं बघणारा, वाटीभर पाण्यावर तांदळाचे दोन दाणे अलगद सोडतो. दाणे एकमेकांना येऊन चिकटले तर माणूस आला, पूर्वजांत बसला. नाही चिकटले तर तो शिवेवरच राहिला, ना इकडचा ना तिकडचा. मी मोखाड्याच्या शाळांत आयुष्यभर मास्तरीण होते, पाण्यावर तरंगणारे दाणे आपोआपही जवळ येतात हे मुलांना मीच शिकवलंय. तरीही आमच्या घरातलं कोणी शिवेवर राहिलेलं मला चालणार नाही. हा दोष समजा, मला त्याचं काही वाटत नाही.

माझा भाऊ सोमवारी जन्मला म्हणून सोम्या. जव्हारच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यावर तो सोमनाथ सर झाला, आणि पुढे लोक त्याला कौतुकाने 'लॅटिनवाले सर' म्हणू लागले. खरं सांगायचं तर त्याला लॅटिन येत नव्हतं. झाडांची शास्त्रीय नावं तेवढी पाठ होती. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. आईने रानातून भाजी आणली की हा ओसरीवर खुर्चीत बसून तिला त्या भाजीचं 'खरं' नाव सांगायचा. आई म्हणायची, "खरं नाव घातल्यानं मीठ कमी लागतं का रं?" आणि चुलीकडे वळायची. त्याला ते झोंबायचं. मग तो माझ्याकडे वळून माझं मराठी दुरुस्त करायचा. 'व्हतं' नाही, 'होतं' म्हण. 'कुढं' नाही, 'कुठं'. मी डी.एड. झाले, शाळेत लागले, मुलाबाळांची झाले, तरी त्याचं दुरुस्त करणं काही थांबलं नाही.

त्याचं एकच भाषण होतं. दर वर्षी वर्गाच्या पहिल्या तासाला, लग्नाच्या मांडवात, जव्हारच्या एस.टी. स्टँडवर गाडी लागेपर्यंत... जिथे श्रोता सापडेल तिथे तो ते द्यायचा. मला ते तोंडपाठ आहे. लॅटिन हा शब्द भाषेचा नव्हे, तो जागेचा. रोमच्या खालच्या अंगाला, डोंगरांच्या पायथ्याशी एक सपाट पट्टा होता, लॅटियम नावाचा. बहुधा 'रुंद, सपाट' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून ते नाव पडलं. त्या सपाटीवर राहणारे ते लॅटिन, आणि ते बोलायचे ती लॅटिन. कोणी म्हणतं लॅटिनस नावाचा राजा होता. जुने रोमन कवी सांगायचे की एक देव पळून येऊन तिथे लपला, म्हणून 'लपण्या'वरून लॅटियम. इथे तो हसायचा. म्हणायचा, मोठ्या माणसांना आपलं मूळ सपाट शेतात असलेलं आवडत नाही, म्हणून ते असले देव शोधून आणतात. हे वाक्य तो इतक्या मजेत बोलायचा की ऐकणारे टाळ्या द्यायचे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. आपण काय बोललो, याचा पत्ता त्याला कधीच लागला नाही.

पुढे भाषण रंगायचं. मेंढरं पाळणारे, मळे कसणारे ते लोक, त्यांची बोली शेजारच्या बोली गिळत गेली. डोंगरातल्या किती बोली त्यात बुडाल्या, त्यांचे शब्दसुद्धा राहिले नाहीत. मग तीच देवळाची भाषा झाली, वैद्याची झाली, आम्हा झाडंवाल्यांची झाली. इंग्रजी लिहितो ती अक्षरं लॅटिन, समुद्रापलीकडचा एक अख्खा भूभाग लॅटिन... ते नाव फ्रेंचांच्या राजकारणाने रुजवलं, तिथे बोलतात ती लॅटिन मुळीच नव्हे. आणि मधल्या काळात तर युरोपात आपल्याला न कळणाऱ्या कुठल्याही बोलीला लॅटिन म्हणत. पाखरं बोलतात ती पाखरांची लॅटिन. दुभाष्यालाही त्याच शब्दावरून नाव पडलं होतं. एवढं सगळं त्याला ठाऊक होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्याचा वाळा मी पाहिला तो आई आजारी पडली तेव्हा. जव्हारला दवाखान्यात नेली. तिथला डॉक्टर नवा, बाहेरचा, आणि आईला तापात मराठी सुचेना, ती घरच्या बोलीत सांगायला लागली. सोमनाथ सर तिच्या उशाशी उभे होते. डॉक्टरने विचारलं, "सर, काय म्हणतायत या?" दारात त्याचे दोन विद्यार्थी सफरचंदं घेऊन उभे. तो म्हणाला, "मला यांची बोलीभाषा फारशी येत नाही. बहिणीला विचारा." यांची! जिच्या मांडीवर तो बोलायला शिकला तिची. मी आईकडे पाहिलं. आई डोळे मिटून म्हणाली, "त्याना नाय येत तं नाय येत. तू सांग, बाय." मी सांगितलं. त्या दिवसापासून त्याच्याबद्दल माझ्या मनात राग उरला नाही. रागाला थोडी तरी माया लागते. उरली ती तुच्छता, आणि ती मी नीट सांभाळली.

आई त्या दुखण्यातून उठली नाही. तिच्या दिवसाला मोठा मुलगा म्हणून हाक त्याने मारायची होती. शिवेवर सगळा पाडा जमला होता. इस्त्रीच्या सदऱ्यात उभा राहून त्याने खणखणीत, वर्गात शिकवल्यासारखी हाक दिली, "आई, आता घरी ये बरं!" मागे बायकांना हसू आवरेना, पदर तोंडात घातले. रावजी भगताने वाटीत पाहिलं. दाणे एकमेकांपासून लांब. भगत म्हणाला, "सर, ती वळखत नाय ही बोली. कोनी दुसऱ्याच्या आयला हाक मारली समजल." मग मी मारली. दाणे चिकटले. भगताच्या बोटाची करामत असेलही. पण सगळ्या गावासमोर झालं ते झालं. तो तिथून जेवण न करता गाडीत बसून गेला आणि नंतर पोशेऱ्याला आलाच नाही. मीही जव्हारला गेले तर त्याच्या दारावरून पुढे बाजारात जायचे.

आता तो गेल्यावर जव्हारला शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. प्राचार्य बोलले, एक संस्थाचालक बोलले, हयातीत ज्यांनी त्याची बढती अडवली तेही बोलले. भिंतीवर फोटो, फोटोला इतका मोठा हार की कपाळ तेवढं दिसत होतं. लोक काय म्हणतील म्हणून गेलेली मी मागच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. एकाने सांगितलं, सरांसारखा लॅटिनचा गाढा अभ्यासक या पठारावर पुन्हा होणे नाही. मग निखिल उठला, बिचारा, खरंच दुःखात होता. म्हणाला, "पप्पा शेवटचे दिवस ग्लानीत होते. पण आयसीयूत ते सारखे लॅटिन बोलायचे. नर्सेसना कळायचं नाही, आम्हालाही नाही. शेवटच्या श्वासापर्यंत त्यांची विद्या त्यांना सोडून गेली नाही." सभागृहात लोकांनी डोळे पुसले. प्राचार्यांनी लगेच लॅटिनच्या नावाने एक बक्षीस जाहीर केलं. मला किळस आली, खोटं कशाला बोलू. ग्लानीतही याचा डौल सुटला नाही, असंच मनात आलं.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलापाशी निखिल माझ्याजवळ आला. "आत्या, मी मोबाईलवर घेतलंय त्यांचं बोलणं. कॉलेजात कोणी अर्थ सांगेल म्हणून. ऐकता?" मी नको म्हणायच्या आत त्याने लावलं. मशीनचा टिक टिक आवाज, आणि त्यातून एक कोरडा, बारीक, पोरासारखा आवाज, शब्द इतके चिरडलेले की ही बोली ज्याच्या कानात नाही त्याला नुसती पुटपुट वाटावी. "आयं... आयं गं. बकऱ्या नागलीत घुसल्या. मी नाय सोडल्या, आयं. मना मारू नको." तेवढंच पुन्हा पुन्हा. निखिल माझ्या तोंडाकडे आशेने बघत होता. "काही कळतंय का? कुठल्यातरी झाडाचं वर्णन असेल ना?"

मी कप टेबलावर ठेवून दिला. एवढी वर्षं पुरून ठेवलेली बोली, आणि ती ओळखायला त्याच्या पोटच्या पोरांतला एकही नव्हता. भाषणात तोच सांगायचा, न कळणारं सगळं लॅटिन... मी निखिलला एवढंच म्हटलं, "दिवस कधी धरलेत ते सांग. मी येते."

शिवेवर उभी राहिले तेव्हा ठाण्याहून आलेली मंडळी बूट काढावेत की नको या घोळात होती. रावजी भगत आता फार थकलाय, हात कापतात. त्याने दाणे सोडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी हाक मारली, "सोम्या, ये रं घरा." दाणे हलले नाहीत. मी पुन्हा मारली, मोठ्याने. भगत मान न वळवता म्हणाला, "रागानं हाक मारल्यावर कोन येल, बाय? त्यो आधीच भ्यालाय."

मी खाली बसले. नागली कापून झालेली होती, समोर नुसता उतार होता. मग मला ते पोर दिसलं, चड्डी वर ओढत बकऱ्यांमागे पळणारं, आईच्या काठीला भिणारं. मी हळूच म्हटलं, "सोम्या, बकऱ्या हाकलल्या रं मी. नागली वाचली हाय. आयं नाय मारत तुना. ये आता घरा." वाटीकडे मी पाहिलं नाही. बायका एकदम गप्प झाल्या आणि भगताने वाटीवर पान झाकलं, त्यावरून कळलं. निखिलने मागून विचारलं, "आत्या, काय म्हणालात?" मी त्याला मराठीत सगळं सांगितलं, दवाखान्यातल्यासारखंच, एकेक शब्द. तो रडायला लागला. त्याला जवळ घेतलं, पण त्याच्या बापाला माफ केलं असं काही मी म्हणाले नाही. केलेलंही नाही.

मंडळी ठाण्याला परत गेली. आमच्याकडे हाकेला आलेल्या माणसाचा घास रोज चुलीच्या कोपऱ्यात काढतात, तो मी काढते. भाकरीचा तुकडा, वर थोडी भाजी. तो ठेवताना त्याला मुद्दाम डिवचते, "काल कुढं व्हतास रं?" आणि हात तसाच धरून थोडा वेळ थांबते... त्याने दुरुस्त करावं म्हणून.